तिघे वळले

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. माझ्या घरात तर हे जरा जास्तच कडक. माझी सून बेरमेत लग्न होऊन आली त्याच आठवड्यात पाहुण्यांना चहा देताना तिच्या तोंडून आमच्या म्हाताऱ्यांचं नाव निसटलं. मी तिला सगळ्यांसमोर उठवलं आणि दारात नेऊन तीन वेळा चूळ भरायला लावली.

"जाऊ दे गं," म्हातारे म्हणाले, "माझं नाव काय विष आहे?"

"तुम्ही चहा प्या," मी म्हटलं.

इतक्या वर्षांच्या संसारात मी स्वतः ते नाव घेतलं नव्हतं, मग काल आलेल्या पोरीने का घ्यावं? पोरीने ओठ पुसले, आत आली आणि उरलेला चहा ओतला. मला वाटलं, शिस्त लागली. आता त्या चुळीबद्दल लिहायला बसले आहे. चार इयत्ता शिकून मेंढरांमागे गेलेली बाई मी, अक्षर वाकडं येईल. सांगणं सरळ येईल.

आधी माझ्या सुनेचे हात कसे होते ते सांगते. घोडीचं दूध काढणं हे गाईसारखं काम नाही. शिंगरू पुढे आणून पाजायचं, मग बाजूला घ्यायचं, एक गुडघा टेकायचा, बादली मांडीवर तोलायची, आणि घोडीचं मन बदलायच्या आत काम उरकायचं. बेरमेत टेकली की घोडी डोळे मिटायची. आमच्या खोऱ्यात तिच्यासारखी दूध काढणारी दुसरी नव्हती. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. सुनेला असं सांगितलं की ती बादली जोरात आपटायला लागते.

गेल्या वर्षी जुलैत आम्ही वर उन्हाळी कुरणात होतो. ओढ्याकाठच्या सपाटीवर चार म्हातारे हाडांचा डाव मांडून बसले होते. मेंढीच्या घोट्याची हाडं रिंगणात रचायची आणि मोठ्या हाडाने नेम धरून उडवायची. वरच्या घळीत ढग फुटला. आमच्या डोक्यावर तर ऊन होतं. बेरमेत चढावर घोडीपाशी होती, तिला सगळ्यांत आधी दिसलं: चिखल, दगड, उपटलेली झाडं, सगळं एकत्र खाली येत होतं. तिने हाक मारली, "अता!" म्हणजे बाबा. आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्याला अताच म्हणतात. तिघे वळले, त्यांनी पाहिलं आणि वर पळाले. आमचे म्हातारे नेम धरून वाकले होते. ते वळले नाहीत.

ते तिसऱ्या दिवशी सापडले. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

त्यानंतर बेरमेत सुकत गेली. नळ सोडला तरी दचकायची. पुलाच्या अलीकडे उभी राहायची, कुणीतरी हाताला धरून पलीकडे न्यायचं. घोडीजवळ टेकली की हात असे थरथरायचे की घोडी बाजूला सरायची. माझा मुलगा कुबात, तिचा नवरा, तिच्या भोवती फिरून फिरून अर्धा झाला. मौलवी आणला. शेजारच्या गावातल्या बाईने डोक्यावर वाडगा धरून पाण्यात वितळलेलं शिसं ओतलं, भीती निघते म्हणतात. शिसं थंड झालं, भीती तिथेच.

वसंतात तिची आई आली. चहा प्याली, पाव मोडला, आणि मला म्हणाली, "बातमा, घोड्या वर जातील तेव्हा माझी मुलगी आपल्या पायांनी बरोबर गेली तर ती तुमची. नाही गेली तर मी घेऊन जाते, थोडे दिवस."

"थोडे दिवस म्हणजे किती, ते मला कळतं," मी म्हटलं.

"कळतं ना, मग बरं झालं."

मला ती बाई कधी आवडली नाही. पण तिच्या जागी मीही हेच बोलले असते.

त्याच महिन्यात गावच्या दवाखान्यात शहरातून एक बाई यायला लागली, दर गुरुवारी. दारिका तिचं नाव. केस आखूड, बूट पुरुषी. पुरात सापडलेल्यांसाठी ती येते असं कळलं. मी बेरमेतला घेऊन गेले आणि सुईणीच्या खोलीतल्या खाटेवर ठाण मांडून बसले. माझी सून परक्या बाईसमोर एकटी का बसेल?

दारिकाने खुर्ची बेरमेतच्या समोर, पण थोडी बाजूला लावली. दोन बोटं वर धरली आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेली. "डोक्यात ते चित्र आण, आणि नजरेने बोटांच्या मागे जा," म्हणाली. बेरमेतची नजर जमिनीला चिकटलेली. पुन्हा बोटं. पुन्हा जमीन.

"आपा," दारिका मला म्हणाली, आमच्याकडे आईला म्हणतात तसं, "तुम्ही बाहेर बसाल का?"

"का? मी काय तुझी बोटं खाते?"

"तुमच्यासमोर ती मान वर करत नाही. मला तिचे डोळे हवे आहेत."

खरं होतं. मान खाली ठेवायला मीच शिकवलं होतं. मी उठले. "घे डोळे," म्हटलं, "पण परत दे."

मग मी खिडकीखालच्या बाकावर चाती घेऊन बसायला लागले. लोकर कातायची आणि आत पाहायचं. गोळी नाही, सुई नाही. बोटं हलायची, थांबायची. "श्वास घे. आता काय येतंय?" बेरमेत दोन शब्द बोलायची. "ठीक आहे, त्याच्याबरोबर जा." पुन्हा बोटं. मधेच विचारायची, "दहापैकी किती दुखतंय?" पहिल्या दिवशी बेरमेत म्हणाली, दहा. दुसऱ्या गुरुवारी, दहा. मी दारिकाला गाठलं.

"दोन बोटं हलवायला पाच तास गाडीत बसून येतेस?"

"हो आपा. परत जायलाही पाच तास लागतात."

"आणि होतं काय त्याने?"

"काटा आत राहिला की जखम भरत नाही. मांस भरायचं काम मी करत नाही, ते तिचं तीच करते. ती त्या दिवसाकडे बघत असताना तिचा एक पाय आजमध्ये घट्ट राहावा, एवढंच मी बघते. बोटं त्यासाठी."

दहा तासांचा रस्ता, वर माझे टोमणे, आणि ही बाई पुढच्या गुरुवारी वेळेवर हजर. बेरमेत तिला एजे म्हणायची, सख्ख्या थोरल्या बहिणीसारखं. मला राग आला, मग गेला.

चौथ्या गुरुवारी आकडा सातावर आला. पाचव्याला सात. सहाव्याला सात. एकाच ठिकाणी ती अडकायची. तिला दिसायची सासऱ्याची पाठ, वाकलेली, वर लोकरीची उंच पांढरी टोपी. तोंड उघडायची आणि उघडंच राहायचं. घोड्या वर न्यायला दोन आठवडे राहिले होते.

एका दुपारी मी गोठ्यात तांबड्या घोडीखाली टेकले होते, माझे गुडघे मला शिव्या देत होते. बेरमेत आली. शिंगरू धरून उभी राहिली.

"आपा, एक परवानगी हवी होती."

"माहेरी जायची?"

"नाही. नाव घ्यायची."

माझा हात थांबला. घोडीने शेपूट मारली.

"त्या दिवशी ते माझ्या तोंडात आलं होतं," ती म्हणाली. "अता म्हणून हाक मारली, ते वळले नाहीत, तेव्हा नाव तोंडात आलं. मी गिळलं. तोंडात चुळीचं पाणी असावं तसं गिळलं. नाव घेतलं असतं तर वळले असते."

वर्षभर ही पोर हे गिळून माझ्या घरात भांडी घासत होती. माझ्यासमोर चहा ठेवत होती.

"त्या बाईला सांगितलंस हे?"

"सांगितलं. एजे म्हणाल्या, मनातल्या मनात म्हटलंस तरी चालेल. पण मला तुमच्यापासून चोरून म्हणायचं नाही."

आयुष्यात मी धाडसी माणसं पाहिली आहेत. बर्फात हरवलेली मेंढरं एकट्याने आणणारी, लांडग्यावर काठी घेऊन जाणारी. ज्या बाईने चूळ भरायला लावली तिच्यासमोर उभं राहून, मान वर करून, ती मला हे विचारत होती. माझ्या लक्षात आलं, ती माझ्या डोळ्यांत बघत होती. तिचे डोळे भुरे आहेत. तीन वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

"घे," मी म्हटलं. "मोठ्याने घे. आणि खिडकी उघडी ठेव."

"बरं आपा."

"आता हे शिंगरू ने तिकडे, माझा पाय चावतंय."

सातव्या गुरुवारी मी चाती नेली होती, पण कातलं काही नाही. बोटं हलली, थांबली, हलली. पहिल्यांदा नाव पुटपुटल्यासारखं आलं. दुसऱ्यांदा जरा वर. मग तिने अशी हाक मारली की रस्त्यावरचा गाढववाला थांबून इकडेतिकडे बघायला लागला. सुईण धावत बाहेर आली. "काही नाही," मी तिला म्हटलं, "माझी सून सासऱ्याला हाक मारते आहे. जा आत."

"आता काय येतंय?" दारिकाचा आवाज तसाच, सपाट.

"ते वळत नाहीत." बेरमेत रडत होती. "नाव घेतलं तरी वळत नाहीत. नेम धरलाय त्यांनी."

"त्याच्याबरोबर जा."

बराच वेळ नुसती बोटं. मग बेरमेत म्हणाली, "बाकीचे वळताहेत. तुर्गुनबाय अता वळलेत. त्यांच्या हातातलं हाड पडलं. ते माझ्याकडे बघताहेत. एजे, ते मला ऐकताहेत."

हेच आम्ही तिला पन्नास वेळा सांगितलं होतं. तुर्गुनबाय स्वतः आमच्या घरी येऊन, टोपी काढून म्हणाला होता, "पोरी, तुझ्या हाकेने मी वाचलो." तिने मान हलवली होती, चहा दिला होता. ऐकणं वेगळं. आज तिने त्याला वळताना पाहिलं.

त्या दिवशी आकडा दोन होता. मी दारिकाला विचारलं, "शून्य का नाही?"

"माणूस गेलाय आपा," ती म्हणाली. "दोन राहू द्या."

मी तिच्या गाडीत कुमीसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कॅन आणि तळलेल्या बोरसोक-पावांची पिशवी ठेवली. पाच तासांच्या रस्त्यात कॅन फुगून उडेल, झाकण सैल ठेव, असंही सांगितलं.

घोड्या वर निघाल्या तेव्हा बेरमेतची आई पुलाशी उभी होती. बेरमेत आपल्या पायांनी चालत पूल ओलांडून गेली. मधे एकदा कठड्याला हात लावला, एवढंच. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघींपैकी कुणी बोललं नाही. ते आमच्यातलं सगळ्यांत चांगलं बोलणं होतं.

वर ओढ्याला वितळलेल्या बर्फाचं पाणी भरून आलं होतं. सपाटीवर आता दगडच दगड. बेरमेत म्हणाली, "आपा, तुम्ही खाली उभ्या राहा. ते होते तिथे. मी वरून हाक मारते."

"कशाला?"

"त्यांना नाव कळलं असतं का, ते बघायचंय."

मी उतरले. ती चढावर गेली, गेल्या वर्षी घोडी बांधली होती तिथे. हाताचा कर्णा केला. तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं, मान ताणलेली दिसली. पाण्याच्या गर्जनेत मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा तोंड उघडलं. मला फक्त बारीक काहीतरी आलं, हाक असेल, घार असेल. नाव कुणाचं, ते कळण्यासारखं नव्हतं.

मग मी ओढ्याकडे तोंड केलं. तिथे मला ऐकणारं कोणी नव्हतं. "एसेनकुल," मी म्हटलं. जीभ जड झाली होती, पुन्हा म्हटलं. सत्तेचाळीस वर्षं ते नाव मी असंच ठेवून दिलं होतं, न वापरलेल्या ताटासारखं. बोलायला सोपं निघालं.

बेरमेत उतरून आली, धापा टाकत.

"ऐकू आलं, आपा?"

"हाक आली असावी. नाव नाही कळलं."

ती दगडांकडे पाहत राहिली. मग तिने लांब श्वास सोडला, दारिकाने शिकवला तसा. खांदे खाली आले.

"तुम्ही काहीतरी बोलत होतात," ती म्हणाली. "ओठ हलत होते."

"तुझ्या सासऱ्याशी बोलत होते. चल, तांबडी भरली आहे, मी नाही टेकणार."

ती गुडघा टेकून बसली. शिंगराने दोन घोट घेतले, मी त्याला बाजूला ओढलं. बादलीत धार पडायला लागली, एकसारखी. घोडीने डोळे मिटले.

"खोऱ्यात तुझ्यासारखे हात नाहीत," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. बादली मात्र आपटली नाही.