'टिटवी'चा राखीव भोंगा

कान झाकून घ्या आधी. झाकलेत? आता ऐका. मी 'टिटवी' नावाच्या गस्ती नौकेचा राखीव भोंगा बोलतोय. हल्ली मुक्काम तंजावर, मेलवीथीच्या आतली गल्ली, वरुणरावांचं घर.

दिसायला मी असा: सागवानी पेटी, आत कातड्याचा भाता, तोंडाला पितळी कर्णा. दांडा पुढेमागे ओढला की भाता फुगतो आणि मी रेड्यासारखा हंबरतो. आवाज मधुर नाही, मला ठाऊक आहे. पण मोठा आहे, फार मोठा!

माझी 'टिटवी' लाकडी, लहानखुरी. युद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी बांधली आणि जाताना मागे सोडली. आपलं नौदल तेव्हा नवं होतं. हाती येईल त्या होडक्याला करडा रंग देऊन कामाला लावत होतं. नागपट्टणमपासून कोडिक्करैपर्यंत फिरायचं आणि चोरून सोनं आणणाऱ्यांना पकडायचं, हे आमचं काम. लाट जरा मोठी आली की 'टिटवी' अशी डोलायची, की आमचे स्वयंपाकी कृष्णमूर्ती सांबाराला फोडणी देण्याआधी कठड्यावरून ओकून यायचे. मग तोंड पुसून म्हणायचे, "आता चव बरोबर कळेल."

कप्तान होते लेफ्टनंट प्रतापसिंह, वाळवंटातले. पिळदार मिशा, आणि शिस्त अशी की गलबतावरच्या मांजरानंही कवायतीला हजर राहावं. दिवे आणि बावटे दाखवून निरोप देणारे आमचे वरुणराव तंजावरचे मराठी. ते विचार मराठीत करायचे, आकडे तमिळमध्ये मोजायचे आणि शिव्या इंग्रजीत द्यायचे.

माझी जागा कपाटात होती, रंगाच्या डब्यांशेजारी. टपावर दुसरा भोंगा होता, इंजिनच्या हवेवर वाजणारा, ऐटबाज. तो बिघडला तरच मला बाहेर काढायचं, असा नियम. आणि तो कधी बिघडेल, याची वाट पाहत मी गंजत होतो. दुसऱ्याचं वाईट चिंतू नये म्हणतात. मी रोज चिंतत होतो.

तै महिन्यातली, संक्रांतीनंतरची सकाळ होती. समुद्रावर धुकं असं दाटलं, की वरुणरावांना स्वतःचा बावटा दिसेना. आणि टपावरचा भोंगा शिंकल्यासारखा एकदा फुसकला आणि बंद पडला!

मला बाहेर काढलं. वरुणरावांनी दांडा ओढला. मी हंबरलो. आनंदानं दोनदा जास्तच हंबरलो.

आणि धुक्यातून उत्तर आलं. भोंग्याचं नव्हे. नागस्वरम् आणि तविलचं, म्हणजे तिकडच्या सनई-ढोलाचं!

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कृष्णमूर्तींनी हातातल्या पळीलाच नमस्कार ठोकला. प्रतापसिंहांनी तोफेजवळच्या माणसाला खूण केली. "समुद्रात सनई?" ते पुटपुटले. "सोन्याचे चोर आता वाजतगाजत यायला लागले की काय?"

वरुणराव कान देऊन ऐकत होते. "साहेब, हा लग्नाचा राग आहे," ते म्हणाले. "आणि वाजवणाऱ्याचा श्वास तुटतोय. घाबरलेत ते."

प्रतापसिंहांनी इंजिन बंद करायला लावलं. आता समुद्र मुका झाला. मी हंबरायचो, ते वाजवायचे. मी थांबलो की त्यांचा सूर लांब जायचा; मी ओरडलो की जवळ यायचा. मग थांबणार कसा? वरुणराव ओढत राहिले. तळहाताला फोड आले, ते फुटले, माझा दांडा लाल झाला. कृष्णमूर्ती म्हणाले, "सोड, मी ओढतो." वरुणराव म्हणाले, "ताल चुकेल."

शेवटी धुकं फाटल्यासारखं झालं आणि एक जुनी तोणी, शिडाची मोठी होडी, आमच्या कुशीला येऊन धडकली. आत वऱ्हाड! होडी गळत होती. आया-बाया रुखवताच्या पातेल्यांनी पाणी उपसत होत्या. वाजंत्री गुडघाभर पाण्यात उभे राहून वाजवत होते. मधोमध नवरीमुलगी कामाक्षी, भरजरी साडी कमरेला खोचून, सगळ्यांत मोठी पितळी घागर घेऊन पाणी बाहेर फेकत होती.

सगळ्यांना दोरानं वर घेतलं. कामाक्षीनं पाय टेकताच कप्तानाला विचारलं, "वेदारण्यम किती लांब? मुहूर्त जवळ आलाय."

रस्ते पाण्याखाली गेलेले म्हणून वऱ्हाड समुद्रमार्गे निघालं होतं आणि वाट चुकलं होतं. नवरदेव किनाऱ्यावर ताटकळत होता. आमची गस्तीची रेघ मात्र दुसऱ्या दिशेला होती.

प्रतापसिंहांनी मिशीचं टोक पिळलं. "भरकटलेल्यांना किनाऱ्याला लावणं," ते सावकाश म्हणाले, "ही गस्तच आहे. इंजिन चालू!"

अहो, काय दौड ती! 'टिटवी' लाटांवरून उड्या मारत निघाली. डेकवर तविल, कठड्यावर वाळत घातलेल्या पट्टूच्या, म्हणजे रेशमी साड्या, तोफेला झेंडूच्या माळा, आणि मी अखंड ओरडतोय. वेदारण्यमजवळ धुकं विरलं, किनारा दिसला. पण पाणी उथळ! पुढे गेलो असतो तर चिखलात रुतलो असतो. मुहूर्त टळत होता.

तेवढ्यात किनाऱ्यावरून कुणीतरी पाण्यात शिरलं. नवरदेव! धोतर वर खोचून, डोक्यावरची फुलं सावरत कोळ्यांच्या कट्टुमरमवर, ओंडके बांधून केलेल्या तराफ्यावर चढला. मागच्या ओंडक्यावर भटजी, ताट डोक्यावर धरून. दोघांना ओढून वर घेतलं. भटजींना डेक स्थिर वाटेना, म्हणून त्यांना डोलकाठीला बांधलं. त्यांनी तिथूनच आरोळी दिली, "गेट्टिमेळम!" म्हणजे आता सगळी वाद्यं एकदम जोरात.

प्रतापसिंह माझ्याकडे वळले. "वरुणराव, वाजवा!"

गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधली जाताना तविल कडाडलं, नागस्वरम् उसळलं, आणि त्या सगळ्यांच्या वर मी! इतकं बेसूर मंगल कुणाचं झालं नसेल. वाजंत्र्यानं माझ्याकडे डोळे वटारले. मग हसू न आवरून त्यानं सूरच सोडला.

पुढे मोठ्या साहेबांनी तपासणीत विचारलं, डेकच्या फटींत तांदूळ कसले? प्रतापसिंह ताठ उभे राहून म्हणाले, "अक्षता, साहेब. गस्तीत सापडल्या." त्यांना समज मिळाली. मिशा खाली आल्या नाहीत.

काही वर्षांनी 'टिटवी' मोडीत निघाली. तिच्या फळ्या वेगळ्या होताना मी पाहिल्या. ते मला सांगवत नाही. कृष्णमूर्तींनी खानावळ काढली. वरुणरावांनी मला भंगारातून सोडवलं आणि रेल्वेनं मांडीवर घेऊन तंजावरला आणलं. दारात त्यांच्या पत्नी चंद्रमती उभ्या होत्या. "काय हो, लोक समुद्रावरून मोती आणतात," त्या म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यांत माझा भाता तडकला. माझ्या कर्ण्यात छत्र्या राहू लागल्या. वरुणरावांचे कानही हळूहळू गेले. आम्ही दोघं समोरासमोर बसायचो, एक मुका, एक बहिरा.

यंदा पोंगलला नात नित्या बंगळूरहून आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना अर्धं तमिळ येतं. तिनं छत्र्या काढल्या, आत डोकावली, आणि मला मोपेडवर बांधून सुब्रमण्यम यांच्याकडे नेलं. ते मृदंग मढवतात. मला पाहून ते पोट धरून हसले आणि मग तितक्याच मनापासून त्यांनी नवं कातडं घातलं.

घरी आणून नित्यानं दांडा ओढला. मी बदकासारखं क्वॅक केलं. पुन्हा ओढला. हंबरलो! भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. वरुणराव पाठमोरे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

माझा पितळी जीव गार झाला.

नित्या थांबली नाही. तिनं त्यांची खुर्ची वळवली, त्यांचा तळवा माझ्या कर्ण्यावर ठेवला आणि अंगातलं बळ लावून ओढलं. मी थरथरलो. त्यांची बोटं थरथरली. डोळे मोठे झाले.

"अगो चंद्रमती!" ते ओरडले. "ये गो, हात लाव हितं!"

चंद्रमतींनी एक हात लावला, मग दुसरा. वरुणरावांनी दांडा हिसकावून घेतला. मग काय विचारता! गल्लीतल्या ऑटो थांबल्या, देवळाची गाय पळाली, शेजारच्या राजलक्ष्मींचं दूध उतू गेलं. त्यांनी पोलिसांना फोन केला.

पोलीस आल्या त्या वासुकी नावाच्या हवालदारबाई. "कोण वाजवतंय?" त्यांनी दरडावून विचारलं.

वरुणरावांना ऐकू आलं नाही. पण प्रश्न कळला. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. सुरकुतलेला चेहरा नुसता फुलला होता. हवालदारबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे. मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"एकदाच हं," त्या म्हणाल्या. आणि तीनदा ओढलं.

तेव्हापासून दर रविवारी कॉफीनंतर मला परवानगी आहे. वरुणराव दोन्ही तळवे माझ्यावर ठेवून डोळे मिटतात आणि नित्याला फोनवर ओरडून सांगतात, "आज फर्मास वाजला!" राजलक्ष्मी आता दूध आधीच उतरवून ठेवतात.

एकच चिंता आहे. वासुकीबाईंची कुंभकोणमला बदली झाली म्हणे. त्यांच्या जागी येणाऱ्यांना तुमच्यापैकी कुणीतरी सांगून ठेवा: तक्रार लिहून घ्या, जरूर घ्या, पण त्याआधी एकदा आत या आणि दांडा ओढून पाहा.