तळटीप एकशे बारा

सूनबाईंच्या प्रबंधाला सासूबाई ‘ते तुझं’ म्हणत. “ते तुझं उचल, ताटं मांडायचीत.” सूनबाई यंत्रांच्या एका कंपनीत माहितीपुस्तिकांची भाषांतरं करत आणि चाळिशी उलटल्यावर त्यांना स्पॅनिशमध्ये एम.ए. करण्याची हुक्की आली. प्रबंधाला दोनदा मुदतवाढ मिळाली होती. तिसरी कुणालाच मिळत नाही. आता उरलेल्या अठरा दिवसांत तो विभागात पोचला नसता तर केलेलं सगळं पाण्यात.

विषय होता स्पेनमधल्या एका खेड्यातल्या बाईने समुद्रापार गेलेल्या नवऱ्याला लिहिलेली एकतीस पत्रं. शंभरेक वर्षांपूर्वीची, एकावरही तारीख नाही. ती जिथे जपून ठेवली होती त्या दफ्तरखान्याने त्यांना क्रमांक दिले होते. त्या क्रमांकांवर सूनबाईंनी अख्खा डोलारा उभा केला होता: सुरुवातीला संतापलेली बाई हळूहळू निवते, नशिबाशी जुळवून घेते. वाक्यं कार्डांवर उतरवून त्यांनी डब्यांत लावली होती. एका डब्यात राग, दुसऱ्यात घरकाम, तिसऱ्यात मुलगी. पत्रं ओळीने वाचली ती एकदाच, तीही शब्दकोशात डोकं खुपसून.

गेला महिनाभर शेवटची तपासणी म्हणून त्या रोज संध्याकाळी एकेक पत्र आपल्या भाषेत मोठ्याने सांगत. सासूबाई शेंगा सोलत ऐकत. आधी नाक मुरडलं, मग स्वतःच विचारू लागल्या, “आज काय म्हणतेय ती?”

अठ्ठाविसाव्या पत्रात ती म्हणत होती, ‘पोरगी अजून मान धरत नाही.’

सासूबाईंचा हात थांबला. “अगं, या पोरीनंच मागच्या एका पत्रात शेजारणीला उलट उत्तर दिलं होतं ना?”

“ही दुसरी असेल, आई.”

“नवरा चार वर्षं समुद्रापार. दुसरी आणली कुठून?”

सूनबाई उठल्या. त्यांनी सगळी पत्रं जमिनीवर मांडली आणि शेवटून वाचली. नवरा नवं पत्र जुन्यावर ठेवत गेला होता आणि कारकुनाने गठ्ठा वरून मोजला होता. बाई निवत गेलीच नव्हती. गरीब गाय म्हणून सुरुवात करून शेवटी तिने नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं होतं.

मार्गदर्शक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. “परीक्षकही तेच क्रमांक वापरणार. कोण बघतंय? आहे तसं द्या. पदवी मिळाली की लेख लिहा.”

सल्ला व्यवहारी होता. सूनबाई दोन दिवस त्याच्या मोहात होत्या. पण जी बाई एवढी धीट झाली तिला आपण कागदावर पुन्हा गप्प बसवतोय, याची त्यांना लाज वाटली. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि अख्खं तिसरं प्रकरण मोडलं. सूनबाईंच्या नवऱ्याने दोन आठवडे स्वतःचा डबा स्वतः भरला आणि ते भेटेल त्याला सांगितलं.

प्रबंधात प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागतो. क्रम उलटा आहे हे कुणाच्या लक्षात आलं? सूनबाईंनी एकशे बारावी तळटीप घातली: वैयक्तिक संभाषण, स्वयंपाकघर, आणि पुढे सासूबाईंचं नाव. मार्गदर्शक बाईंनी ती खोडली. सूनबाईंनी ती परत घातली. प्रबंध मुदतीच्या शेवटच्या दुपारी पोचला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच पानावर थांबले. “या बाईंचा अभ्यासविषय कोणता?”

“तीन मुलं वाढवलीत, सर.”

परीक्षक हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं. सूनबाई चाळीस मिनिटं बाहेरच्या बाकावर बसल्या, मग त्यांना आत बोलावून उत्तीर्ण झाल्याचं सांगितलं.

बांधलेली प्रत घरी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “माझं कुठं आलंय?”

सूनबाईंनी पान काढून वाचून दाखवलं. नाव त्यांनी स्पॅनिश रीतीने लिहिलं होतं. तिथे लग्नानंतरही बाईचं आडनाव बदलत नाही. आधी वडिलांचं येतं, मग आईचं.

सासूबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं.

“बावन्न वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “या नावानं मला कुणी ओळखत नाही.”

त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली आणि प्रबंध पुढ्यात ओढला. जेवायच्या वेळी त्यांचा मुलगा ताटं घेऊन आला.

“आई, ते उचल.”

“तू तिकडं मांड,” सासूबाई म्हणाल्या.