वेल्मिन्सेचे चार दात

वेल्मिन्से आता साऱ्या गावाचीच ओमा झाली होती, सगळ्यांची आजी. तोंडात दात उरले होते चारच, पण कामाचे: दोन वर, दोन खाली, एकमेकांना भिडणारे. त्यांच्यावर तिची सुपारी चालायची. तिमोर बेटावरच्या त्या डोंगरात सोयरिकीला पाहुणे आले की सुपारीचा डबा आधी घरातल्या थोरल्या बाईपुढे येतो. तिने चावून पिंक टाकल्याशिवाय बोलणी सुरूच होत नाहीत, आणि जी चावते तीच घरातर्फे बोलते. आणि ऑगस्टमध्ये तिच्या नातीची, मेर्सीची बोलणी होती.

गावाने डोंगराखालचा आपला चिंचेचा माळ विद्यापीठाला दिला तो दातांच्या कॉलेजासाठी. 'खेड्यांच्या सेवेसाठी' अशी मोठी पाटी लागली. पायाभरणीला ओमाही नाचली होती.

जूनमध्ये केझिया नावाची शहरातली विद्यार्थिनी दारात आली. या कॉलेजात प्रत्येकाने आपला पेशंट आपणच हुडकून आणायचा असतो, हे ओमाला कुठून ठाऊक असणार! केझियाने तिचं तोंड उघडून पाहिलं आणि पोरीचा चेहरा खुलला.

"ओमा, हे चार काढून टाकू. अख्खी कवळी बसवून देते, फुकट. परीक्षेला मला कवळीचा एक पेशंट हवाच आहे."

"ऑगस्टमध्ये मला सुपारी चावायचीय, पोरी."

"सुपारी काय, मक्याची कणसं खाल."

एकाच सकाळी चारही दात गेले. हिरड्या नीट भरायला तीन महिने लागतात, आणि परीक्षा तर सहा आठवड्यांवर. हा हिशेब केझियाला दात काढल्यावर सुचला. मग तिने बाजारात एक बोळक्या तोंडाचा म्हातारा गाठला, त्याला कवळी बसवली, पास झाली आणि आपल्या घरी गेली. ओमाला निरोपसुद्धा नाही.

ओमा दोनदा डोंगर उतरून कॉलेजात जाऊन आली. दुसऱ्या खेपेला खिडकीतल्या माणसाने वही चाळली.

"या तुकडीच्या कवळ्या झाल्या, ओमा. आता दात भरायचे पेशंट हवेत. तुम्हाला दात आहेत का?"

"होते," ओमा म्हणाली. "तुमच्याकडेच आहेत."

ऑगस्टमध्ये पाहुणे आले. डबा पुढे आला तशी ओमा सुपारी खलबत्त्यात कुटायला लागली. पाहुणे थोडा वेळ थांबले. मग मुलाचा काका हसून म्हणाला, "राहू दे, ओमांना कशाला त्रास," आणि त्याने डबा तिच्या धाकट्या जावेपुढे, योसिनापुढे सरकवला. योसिनाने चावलं, मग बोललीही तीच. मेर्सीचं लग्न कधी, मुलाकडून किती म्हशी घ्यायच्या, सगळं तिनेच ठरवलं. ज्या नातीला ओमाने अंगाखांद्यावर वाढवलं, तिच्याबद्दल तिला कोणी एक शब्द विचारला नाही.

नोव्हेंबरात नवी तुकडी गावात आली. एका विद्यार्थ्याने योसिनाचं तोंड उघडून पाहिलं. पाच दात होते.

"वा, अगदी हवं तसं," तो म्हणाला. "अख्खी कवळी देतो, मावशी. फुकट."

योसिनाने ओमाकडे पाहिलं. "काय गं ताई, देऊ का?"

ओमाची जीभ रिकाम्या हिरड्यांवरून फिरली. पुढच्या सोयरिकीला ही कशी बोलते ते बघू, असं तिच्या मनात आलं. तो विचार तिला गोड लागला, आणि त्याची लाजही वाटली नाही.

"दे की," ती म्हणाली. "चांगली माणसं आहेत."