भोंगा पाच वाजता वाजेल

मित्रांनो, मी बाटल्यांच्या कारखान्याचा एक जुना भोंगा आहे. मला आयुष्यात एकच गोष्ट जमली, ती म्हणजे ओरडणं. तेवढ्या भांडवलावर मी सगळ्या गावाला पळवलं.

एका ओताऱ्याने मला घडवलं आणि स्वतःच्या कानात बोटं घालून माझा आवाज तपासला. मग मला भट्टीच्या छपरावर बसवलं. तिथून कारखान्याचं गेट आणि समोरची कामगारांची चाळ दिसायची. सकाळी मी ओरडलो की चाळीत दिवे लागत, पोरं रडत आणि बायका मला यथेच्छ शिव्या देत. मला ते कौतुकच वाटे.

गेटासमोरच्या पहिल्या खोलीत एक भट्टीवाला राहायचा. भट्टीची धग मानेला फार लागते, म्हणून माझी हाक आली की त्याची बायको टॉवेल भिजवून, पिळून त्याच्या गळ्यात टाकायची. नवऱ्याला उठायला उशीर झाला, तरी टॉवेलला कधी झाला नाही.

पुढे कारखाना बंद पडला. माझ्या तोंडात कबुतरांनी बिऱ्हाड केलं, अंगावर गंज चढला. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं. तिकडे म्हातारपणी भट्टीवाल्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून गेली. मुलांची नावं गेली, मग बायकोचंही गेलं. पण तो शांत होता. दारात बसून शेंगा सोलायचा.

मग गावात चित्रकार आले. भट्टीच्या जागी चित्रदालन झालं, गोदामात कॉफीचं दुकान निघालं. मला घासूनपुसून लाल रंग दिला. एकदाचं घोडं गंगेत न्हालं, असं मला वाटलं. चित्रदालनाच्या संचालिकाबाईंनी मला रोज संध्याकाळी पाच वाजता वाजवायचं ठरवलं. पाहुणे सकाळी उठत नाहीत, आणि संध्याकाळचं ऊन फोटोला बरं.

पहिल्याच दिवशी मी जीव तोडून ओरडलो. भट्टीवाल्याच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या. तो धावत गेटाशी आला आणि दोन्ही हातांनी ते ठोकू लागला.

"उघडा हो. भट्टी विझेल."

पाहुण्यांनी फोन बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली. लवकरच गेटावर पाटी लागली: 'भोंगा पाच वाजता वाजेल. त्यानंतर कामगार येईल.' गेट उघडायचं नाही, अशी रखवालदाराला सक्त ताकीद होती. उघडल्यावर बघण्यासारखं काय उरणार?

बायको संचालिकाबाईंकडे गेली.

"बाई, मी कडी लावली तर ते दारावर डोकं आपटतात. तेवढा भोंगा बंद ठेवा."

बाईंनी तिला खुर्ची दिली, कॉफी पाजली आणि त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, त्यांना पुन्हा काम मिळालंय, असं समजा ना."

दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी बायकोने टॉवेल भिजवून ठेवला. जायचंच आहे तर नीट जाऊ दे, असं ती शेजारणीला म्हणाली.

थंडीतल्या एका संध्याकाळी भट्टीवाला गेट ठोकता ठोकता खाली बसला आणि कलंडला. पाहुण्यांना वाटलं, आज शेवट बदललाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको गर्दीतून वाट काढत होती आणि लोक तिला बाजूला व्हायला सांगत होते, कारण मागच्यांना दिसत नव्हतं. ती पोहोचली तेव्हा त्याच्या गळ्यातला टॉवेल अजून ओला होता.

मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ना, तसंच झालं. चित्रदालनात त्याचा भिंतभर फोटो लागला, भाषणं झाली. आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्यासारखे कपडे घालून एक नट आला. नट मेहनती आहे. गेट जरा जास्तच ठोकतो.

आजही मी पाचला ओरडतो. पहिल्या खोलीत म्हातारी उठते, टॉवेल भिजवते, पिळते आणि दारात येते. गेटाशी तो नट दिसला की तिच्या लक्षात येतं. मग ती टॉवेल झटकून दोरीवर वाळत घालते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आमची निगा राखा. मी सांगतो, राखू नका. माझा रंग खरवडून काढा, वायर तोडा, कबुतरांना परत बोलवा. मला गंजू द्या. आणि जे करायचं ते लवकर करा. पाच वाजत आलेत.