पार्सलसाठी वेगळी पळी

रविवारी दुपारी पाऊण वाजता, चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या एका लहान खानावळीत जेवायला बसलेल्या कीर्तीने आपलं ताट उचललं आणि थेट गल्ल्यापाशी नेलं.

"काका, एवढा सांबारभात?"

मालक चंद्रमौळींना वाटलं, कमी पडला. "बैस, आणखी वाढायला सांगतों."

"कमी नाही हो, जास्त आहे! मी समोरच्या इमारतीत राहते. वर्षभर ॲपवरून हाच भात मागवतेय, तो याच्या निम्मा असतो. मला वाटायचं, चेन्नईत माणसं एवढंच खातात! आज ॲप चालेना, म्हणून खाली उतरले."

चंद्रमौळींची नजर स्वयंपाकघराकडे गेली. आत दोन पळ्या होत्या: मोठी समोर बसणाऱ्यांसाठी आणि लहान ॲपच्या पार्सलांसाठी. लहान त्यांनी स्वतः आणली होती. ॲपची कंपनी शंभरातले अठ्ठावीस रुपये कापून घेई, यादीत वर दिसायचं तर जाहिरातीचे वेगळे. भाव वाढवावा तर गिऱ्हाईक दुसऱ्या हॉटेलाकडे वळणार. निम्मा धंदा ॲपवरचा. तो गेला तर जागेचं भाडंसुद्धा निघणार नाही. म्हणून भाव तोच ठेवून त्यांनी पळी बदलली होती.

"खोटें बोलत नाहीं, पोरी," ते हळूच म्हणाले. "कंपनी कापते, म्हणून मी कमी भरतों."

"पण मी तर जास्त देते!" कीर्तीने मोबाइल पुढे केला. बिलात भाताचे, पॅकिंगचे, पोहोचवण्याचे, ॲप वापरण्याचे असे वेगवेगळे पैसे लावलेले होते. "नुसता रस्ता ओलांडायचे एवढे पैसे!"

चंद्रमौळींची पत्नी महालक्ष्मी हात पुसत बाहेर आली. "अय्यो, जिना उतरायचा आळस तुझा, आणि भाव बोलायची लाज ह्यांची! मधल्यामधें कंपनी जेवली."

कीर्तीला हसू आलं, चंद्रमौळींना आलं नाही.

"हसण्यावारी नेऊं नको. ऑर्डरी गेल्या तर भाडें कुठून द्यायचें?"

"तें दोघें मिळून बघूं. पण कापलें कंपनीनें, आणि तुम्ही भरून घेतलें कोणाकडून? या पोरीच्या ताटांतून! घरीं आलेल्या पाहुण्याला अशी पळी लावली असती काय? भाव वाढवायचा तर उघड वाढवा. ॲपवर एवढा, इथें एवढा, असें लिहा. परवडेल तो घेईल."

चंद्रमौळी आत जाऊन ती लहान पळी घेऊन आले. कंपनीवर इतके दिवस आपण चरफडत होतो, आणि तेच काम आपणही करत होतो! गिऱ्हाइकाला न सांगता त्याच्या वाट्याचं काढून घेत होतो!

"पोरी, चुकलों," ते म्हणाले. लहान पळी त्याच दुपारी मोडीत गेली आणि दारावर दोन्ही भावांची पाटी लागली.

घरबसल्या जेवण मागवण्यात गैर काही नाही. आजाऱ्याला, एकट्या म्हाताऱ्याला तो मोठा आधार आहे. पण या सोयीची किंमत कुणीतरी मोजतंच. ती बिलावर दिसली नाही, तर ताटातून वसूल होते किंवा एखाद्या खानावळीला कुलूप लावते. विकणाऱ्याने ती उघड सांगावी. आणि दुकान समोर असेल, पाय धडधाकट असतील, तर आपण उतरून जावं.

सोमवारी ॲपवर वाढीव भाव लागला. मंगळवारी तिथल्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. काल दुपारी समोरच्या इमारतीतून कीर्ती आणि आणखी काही जण आपापले डबे घेऊन आले होते. भाडं पाच तारखेला द्यायचं आहे. ते निघेल की नाही, हे आज तरी चंद्रमौळींना ठाऊक नाही.