तारेने आवळलेला व्हॉल्व्ह

मित्रांनो, मी बॉयलरवरचा एक जुना सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. पितळेचा, तळहाताएवढा. बॉयलरमध्ये वाफेचा दाब फार वाढला की मी उघडायचो, जास्तीची वाफ फुस्सकन बाहेर सोडायचो आणि पुन्हा मिटायचो. एवढंच माझं काम. बावीस वर्षं मी ते एका मोठ्या लॉन्ड्रीत केलं.

बॉयलर सांभाळायचे मामा. सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यांची थोरली बहीण अक्का शेजारच्याच खोलीत वाफेच्या इस्त्रीवर चादरी दाबायची. अक्काला वाचनाचा नाद. ताओ नावाच्या जुन्या चिनी विचाराचं एक पुस्तक तिला रद्दीत मिळालं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती त्यातलं आपल्या भाषेत मामांना सांगायची. जोर आणि ढील, काम आणि विसावा, दोन्ही लागतात. एकाच बाजूला रेटत गेलं की माणूस मोडतो. एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याला बघ. पुरे कधी म्हणायचं, ते ह्याला कळतं." मामा हसले. मला मात्र फार बरं वाटलं.

मग नवे मॅनेजर आले. चादरी दुप्पट झाल्या. माझ्यातून सुटणारी वाफ त्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. ही वाफ वाया जाते, व्हॉल्व्ह बांधून टाका, असा हुकूम त्यांनी सोडला. हे धोक्याचं आहे, असं मामा एकदाच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच, मला उघडताच येऊ नये म्हणून, माझ्या दांड्याला लोखंडाचा जड गोळा तारेने आवळला. नोकरी जाईल ही भीती होती. अक्काला त्यांनी काही सांगितलं नाही.

आठ दिवस काहीच झालं नाही. काम झपाट्याने उरकू लागलं, मामांची पाठ थोपटली गेली. माझा जीव मात्र घुसमटत होता. ओरडायला मला तोंड एकच, आणि तेच बंद.

नवव्या दिवशी दुपारी इस्त्रीजवळचा वाफेचा पाइप फुटला. मामा धावले तेव्हा अक्का चादरींच्या ढिगाजवळ बसली होती, भाजलेले दोन्ही हात पुढे धरून.

चौकशी झाली. मॅनेजरांची बदली झाली, मामांची नोकरी गेली, मी भंगारात गेलो. मामांनी मला भंगारवाल्याकडून मागून आणलं. तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे.

अक्काची बोटं आता मिटत नाहीत. मामा तिला भरवतात. एकदा घास हातात तसाच धरून ते म्हणाले, "मीच बांधला गं तो व्हॉल्व्ह, अक्का. वाटेल ते बोल मला."

तिने त्या घासाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घास लहान कर. एवढा मावत नाही."

ते पुस्तक तिने पुन्हा कधी मागितलं नाही.

मित्रांनो, माझ्यावर आता हिरवट डाग चढलेत. मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात दिवसभर राबणारं कोणी घटकाभर नुसतं बसलेलं दिसलं, तर त्यांना काम सांगू नका. बसू द्या.