घट्ट टाक्यांचे मोजे

मित्रांनो, मी विणकामाची एक जुनी सुई आहे. नझरशोने सायकलच्या मोडक्या चाकाच्या तारा घासून आम्हां पाच बहिणींना घडवले आणि बायकोच्या, गुलबेगिमच्या, हाती दिले. पामीरच्या डोंगरातल्या त्यांच्या घरी आम्ही बावीस वर्षे लोकरीचे मोजे विणत आलो.

गुलबेगिम रोज खुदाचे नाव घेऊन पहिला टाका घाली. मग शेजारची सबोहत येई. मीठ घातलेला दुधाचा चहा, गप्पा आणि अधूनमधून विणीची एखादी ओळ. एका जोडाला महिना लागला तरी कुणाची तक्रार नसे.

पुढे लेकीचे, शोइस्ताचे, लग्न ठरले. नवरीने सासरच्या प्रत्येकाला मोजे न्यायचे असतात. माणसे तेवीस, हाताशी अडीच महिने. "तीन दिवसांत एक जोड," गुलबेगिमने ठरवले आणि दार लोटून घेतले.

सबोहत दारातूनच म्हणाली, "काय गं, आता तुला भेटायला सुयांची परवानगी काढू का?"

गुलबेगिमने मानही वर केली नाही.

थकलेला हात लोकर ओढून धरतो. टाके इतके आवळले की आम्ही त्यांत अडकू लागलो. पण आम्हांला बोलता कुठे येते?

चौदावा जोड व्याह्यांचा. मापासाठी नझरशोने पाय घातला, तर टाच आत शिरेना.

"अगं, हा व्याह्यांना की त्यांच्या कोंबड्याला?"

आधीचे चार जोडही तसेच निघाले. गुलबेगिमला रडू फुटले. "लग्न होऊ दे, या सुया नदीत टाकते. लोकर बघवत नाही मला आता."

शोइस्ता जवळ बसली. "आई, नऊ जोड चांगले झालेत, तेवढेच नेते. बाकीच्यांना सांगेन, थांबा."

"आणि तिथे तुझी मान खाली गेली तर?"

"तर खाली त्यांच्या पायांत तुझ्या हातचे मोजे दिसतील मला."

दुसऱ्या दिवशी पाच जोड उसवले. लोकर गुंडाळायला सबोहतला बोलावले. चहाचा वाडगा संपेपर्यंतच विणायचे, असे ठरले. लग्नात मोजे न मिळालेली नवरदेवाची एक आत्या कुजबुजली म्हणे. कुजबुजू दे.

मित्रांनो, आवडीच्या कामाला ध्येय जरूर ठेवा, पण आपल्या हातांना विचारून ठेवा. लोकर ओढली जाऊ लागली की सुया खाली ठेवा. मीही आता फार दमले आहे. शोइस्ताच्या सासरच्या चौघांचे मोजे अजून व्हायचे आहेत. त्यांना बापड्यांना थोडे थांबू द्या.